गाडी बाहेरच लावा : रामलिंगच्या जंगलात सुट्टी काढणाऱ्या सोलापूरकरांना खुले पत्र

सुट्टीच्या पहाटे येडशीच्या दिशेनं गाड्या काढणाऱ्या समस्त सोलापूरकरांस,
होम मैदानावरचे वॉकिंग ग्रुप, कंबर तलावाकाठचे योगवाले, दहावीच्या बॅचचे व्हॉट्सअॅप ग्रुप आणि शनिवारी रात्री अकराला "चला, उद्या रामलिंग" असं ठरवणारी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. रामलिंगला, म्हणजे धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळच्या जंगलात दरीत असलेल्या शंकराच्या देवळाला, जाताना जंगल सुरू होण्याआधीच गाडी उभी करा आणि पुढचा रस्ता चालत जा. परत येतानाही चालतच या.

ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ज्यांच्या कडेवर लेकरू आहे, ज्यांना फक्त देवाला जायचंय, त्यांनी खुशाल गाडीनं जावं. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हे पत्र आहे ते रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारून मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजणाऱ्यांसाठी. हेच लोक रविवारी नव्वदेक किलोमीटर गाडी हाणत डोंगरात जातात आणि तिथं पोचल्यावर मात्र पायऱ्यांच्या तोंडाशी जागा मिळावी म्हणून हॉर्न वाजवत बसतात. चालायला एवढ्या लांब यायचं आणि चालायचं तेवढं टाळायचं, हा हिशोब मला काही केल्या लागत नाही.

सोलापूरकराला डोंगराचं अप्रूप असणार, हे मान्य. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि जिकडं बघावं तिकडं माळ. जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात. शहराबाहेर पडून हिप्परग्याचा तलाव मागं टाकला, तामलवाडी गेली, की तुळजापूरच्या घाटात पहिल्यांदा गाडीचा गिअर बदलावा लागतो. तुळजापूर साडेसहाशे मीटरवर आहे. म्हणजे तासाभरात आपण दोनशे मीटर वर आलेलो असतो आणि खिडकीतून येणारा वारा बदललेला असतो. हा बालाघाट. हरिश्चंद्रगडाकडून निघालेली सह्याद्रीची ही फांदी अहिल्यानगर, बीड करत धाराशिवपर्यंत येते आणि आपल्या दाराशी संपत जाते. तिच्या एका अंगाला पडलेला पाऊस बार्शीकडं उतरून सीनेला, भीमेला आणि पुढं कृष्णेला मिळतो. दुसऱ्या अंगाचा तेरणा-मांजरेतून गोदावरीला. येडशीच्या आसपास पावसात उभं राहिलं तर दोन मोठ्या नद्यांचं पाणी वेगळं होण्याच्या जागेवर आपण उभे असतो. महाबळेश्वरला जाऊन पाच नद्यांच्या गोमुखाचे फोटो काढणाऱ्यांना घराजवळचा हा जलविभाजक कुणी दाखवत नाही, याची मला नेहमी गंमत वाटते.

येडशी-रामलिंगघाट अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ २२.३८ चौरस किलोमीटर. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्याचा सरळ चौकोन केला तर एक बाजू पाच किलोमीटरसुद्धा भरत नाही. सोलापुरात एका टोकाच्या पाहुण्याकडून दुसऱ्या टोकाच्या पाहुण्याकडं जाताना आपण याहून जास्त फिरतो. आपलं नान्नजचं माळढोक अभयारण्य कागदावर १,२२२ चौरस किलोमीटरचं आहे, पण त्यात गावंही आली आणि शेतंही आली. रामलिंगचं मात्र सगळं मिळून एवढंच. एका गाडीतला स्पीकर मोठ्यानं लागला, की दरीतल्या दोन्ही बाजूंना तो ऐकू जातो. त्यातलं रानडुक्कर, तरस किंवा मोर उठून जाणार तरी कुठं? पलीकडं शेतं आहेत, महामार्ग आहे.

आणि आता इथं वाघाचा विषय निघणारच, तर बोलून घेऊ. डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. अंगावरच्या पट्ट्यांवरून पटलं, की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून आलाय. साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. मध्ये शेतं, नद्या, रेल्वेचे रूळ, चौपदरी रस्ते. आपल्या पंचक्रोशीत वाघ येईल असं कुणी स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. येडशी आणि बार्शीकडच्या गावांत त्यानं जनावरं मारली, लोक हवालदिल झाले, त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचं ठरलं, खास पथकं आली, आणि तो पठ्ठ्या कित्येक दिवस कुणाच्या हाती लागला नाही. त्या काळात आपल्यातल्या काहींनी काय केलं? रात्री गाड्या काढून, दिवे लावून, "दिसतोय का बघू" म्हणत घाटात चकरा मारल्या. जो विदर्भातून पायी आला त्याला बघायला आपण एसी लावून निघालो.

लगेच कुणीतरी म्हणेल, "मग काय मालक, वाघाच्या जंगलात चालत जायला सांगताय होय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की वन खात्यानं रस्ता बंद ठेवला असेल तर चालतही जाऊ नका आणि गाडीनंही जाऊ नका. त्या रविवारी आपलं होम मैदान आहेच. निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. रस्ता खुला असेल तर चांगलं उजाडल्यावर चालायला लागा, चार-पाच जणांनी मिळून चला, मळलेला रस्ता सोडून झाडीत शिरू नका, पोरांना पुढं पळू देऊ नका. कानात हेडफोन नको. आपसात नेहमीच्या आवाजात बोलत चाला. माणसाची चाहूल लागली की जंगली जनावर सहसा आपण होऊन बाजूला होतं. अंधारातला चढ मात्र कुणीही, कितीही अनुभवी असला तरी, टाळावा. पहाटे चारला निघून साडेपाचला जंगलात शिरायची जी आपली हौस आहे, ती तेवढी तुळजापूरच्या चहाच्या टपरीवर तासभर जिरवावी.

आता मूळ मुद्दा. गाडीला माझा विरोध का? धूर आणि हॉर्न आहेतच, पण खरा घोटाळा डिकीत असतो. रामलिंगच्या जंगलात जे काही नको ते पोचतं, ते जवळजवळ सगळं डिकीतून येतं. वेफर्सची माळ, थर्माकोलच्या ताटल्या, वीस लिटरचा पाण्याचा जार, बिर्याणीचं पातेलं, स्पीकर, केळ्यांचा अख्खा घड. यातली एकही वस्तू पाठीवर घेऊन दोन-तीन किलोमीटर चालायची वेळ आली, तर आपण घरातनंच आणणार नाही. चालणारा माणूस पाण्याची बाटली, डब्यात चार धपाटी, शेंगाची चटणी आणि एखादा कांदा घेतो. डबा रिकामा झाला की डबा परत. त्याला कुणी "कचरा टाकू नका" असं सांगायची गरजच पडत नाही, कारण टाकण्यासारखं त्याच्याकडं काही नसतं. म्हणून मला पाट्या, दंड आणि स्वच्छता मोहिमा यांच्यापेक्षा हा एकच उपाय पटतो. सकाळी गोणी भरून प्लास्टिक गोळा करायचं, फोटो काढायचे आणि दुपारी पुन्हा तेवढंच येऊन पडायचं, हा खेळ आपल्याकडं पुष्कळ झाला.

केळ्यांच्या घडाचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यात पुण्य आहे अशी समजूत आहे. रामलिंगची माकडं सगळ्यांना माहीत आहेत. शंकराच्या देवळाजवळ आहेत, मारुतीची आहेत, खायला घातलं तर वाईट काय, असं आपण म्हणतो. माकडाचं पोट जंगल भरतं. कोवळा पाला, फळं, शेंगा, किडे खात ते दिवसभर हिंडतं आणि खाल्लेल्या फळांच्या बिया लांब लांब टाकत जातं. रस्त्यावर आयतं मिळायला लागलं की ते हिंडणं थांबतं. मग सगळी टोळी गाड्यांची वाट बघत डांबरावर बसते. पिल्लं चाकाखाली येतात. पिशवी दिसली की ओढाओढ, म्हातारीच्या हातातला नारळ गेला, पोराला ओरबाडलं, आणि मग आपणच म्हणतो, माकडं लई माजलीत. गाडी दिसली की धावत येणारी टोळी चालत येणाऱ्या माणसाकडं ढुंकूनही बघत नाही, फक्त हातात पिशवी नको. दोन्ही अनुभव घेऊन बघा. आणि कायद्याचंच म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७ व्या कलमात साध्या शब्दांत लिहिलंय, की अभयारण्यात वन्यप्राण्याला छळू नये आणि जमिनीवर कचरा टाकू नये. त्याच कलमाप्रमाणे सार्वजनिक हमरस्त्यानं जाणाऱ्याला परवाना लागत नाही, पण हमरस्ता सोडून अभयारण्यात शिरायचं तर परवानगी लागते. झाडीत चटई टाकून रमी खेळणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

गाडीनं गेल्यावर तुम्हाला नक्की काय दिसतं, हेही मला विचारायचंय. वळण, पुढची गाडी, तिचा नंबर, देऊळ. बस. चालणाऱ्याला मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर रस्त्याच्या कडेच्या मातीत लालभडक मखमली किडे दिसतात, शेंगदाण्याएवढेही नसतात. चारचाकीच्या चाकाखाली ते किती जातात ते कुणालाच कळत नाही. पावसाळ्यात नवरंग पक्षी येतो. सकाळी झाडीतून दोन सुरांची शीळ घालतो, पण इंजिन चालू असताना ती ऐकू येणं शक्य नाही. पावश्या असतो, मोर तर असतातच. जुलैनंतर ओढे वाहते झाले की रामलिंगच्या दरीत पाण्याचा आवाज आधी येतो आणि मग धबधबा दिसतो. रावण सीतेला घेऊन चालला असताना जटायूनं त्याला इथं अडवलं अशी कथा या जागेशी जोडलेली आहे. दरीत उतरणाऱ्या पायऱ्यांवरून आजूबाजूचे कडे बघितले की गिधाडाच्या राजाची गोष्ट इथंच का रुजली असेल ते समजतं. हल्ली कड्यांवर गिधाड शोधूनही सापडायचं नाही, ती गोष्ट वेगळी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच जंगल ओळखू येत नाही. झाडं पाणी वाचवायला पानं गाळून मोकळी होतात, पळस तेवढा पेटलेला असतो. या दिवसांत चालायला सावली मिळत नाही. साडेआठनंतर डांबर तापतं, एप्रिल-मे महिन्यांत तर आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा सरळ घरी बसावं. खाली पायघडीसारखा वाळलेला पाला पडलेला असतो आणि एका बिडीत, एका सिगारेटच्या थोटकात सगळा डोंगर जळू शकतो. वन खातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे पट्ट्यातलं गवत आधीच काढून किंवा जाळून टाकतं, की वणवा पुढं सरकू नये. पण आग जाळरेषेच्या आतच लागली तर ती रेषा काय करणार? चूल मांडून मटण शिजवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, हा प्रकार पूर्ण बंद करा. ढाब्यांवर उत्तम मिळतं.

चालायचं म्हटल्यावर काही जणांच्या कपाळावर आठ्या येतील. "आता या वयात चढ?" अहो, सोलापूरकराला चालायचं मी काय शिकवावं? कोजागरीला आपल्या शहरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचा पूर लोटतो. पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर, काही जण अनवाणी, आणि शेवटी दमलेल्या पायांनी घाट. त्यात पोरं असतात, साठी ओलांडलेल्या बायका असतात, आपले विणकर, आपले दुकानदार असतात. रस्त्यावर जागोजागी चहा, फराळ, पायाला लावायला मलम. आणि लक्षात घ्या, त्या दिवसांत त्या रस्त्यावरची वाहनं दुसरीकडून वळवतात. एक अख्खा महामार्ग चालणाऱ्यांना मोकळा करून दिला जातो आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. आषाढीला तर आपल्याच जिल्ह्यात राज्यभरातून लोक चालत येतात. वर्षातून एका रात्रीत पंचेचाळीस किलोमीटर चालणाऱ्या गावाला रविवारच्या सकाळी जंगलातले दोन-तीन किलोमीटर जड का व्हावेत?

चढाचं तंत्र असं फारसं नसतं. सपाटीवरच्या वेगानं चढायला गेलं की पहिल्या वळणावरच धाप लागते, म्हणून सुरुवात मुद्दाम सावकाश करावी. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे असं समजावं. पाऊल आखूड टाकावं. गुडघे चढताना नाही, उतरताना दुखतात, त्यामुळं उताराला घाई करू नये आणि बुटांच्या नाड्या तिथं पुन्हा एकदा आवळाव्यात. रामलिंगला देवळाकडं उतरायचं असतं आणि दर्शनानंतर चढ येतो, ही गोष्ट नवख्यांच्या लक्षात राहत नाही. पाणी जाताना संपवू नका. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारूनच यावं, ग्रुपच्या हट्टाला बळी पडू नये.

बार्शी-पांगरीकडून येणाऱ्यांना तर मी अजूनच आग्रहानं सांगेन. १९११ मध्ये लातूरला पोचलेली बार्शी लाइट रेल्वे याच घाटानं वर चढायची. अडीच फुटी रूळ, छोटंसं इंजिन. चढावर गाडीबरोबर चालता यायचं, असं जुनी माणसं हसत सांगतात. त्या गाडीच्या वेगानं हा घाट बघितलेली पिढी आता थोडी उरली आहे. त्यांच्यातलं कुणी घरात असेल तर त्यांना मात्र गाडीतच बसवून आणा, आणि तुम्ही त्यांच्याशेजारून चाला.

एक आक्षेप मला आधीच ऐकू येतोय : "गाड्या बाहेर राहिल्या तर आतल्या फूल-नारळवाल्यांचं काय?" चालणारा माणूस उलट जास्त थांबतो. त्याला तहान लागते, भूक लागते, चहा लागतो. डिकीत सगळं भरून आलेला माणूस येडशीत एक रुपयाही न खर्चता परत जातो, वर कचरा ठेवून जातो. येडशीच्या हॉटेलात भजी खा, गावातली पोरं गाड्यांवर लक्ष ठेवायला बसली तर त्यांना चार पैसे द्या. जंगलाशेजारी राहून वाघाची भीती त्यांनी सोसली आहे. आपण फक्त धबधबा बघायला येतो.

हे सगळं एकदम होणार नाही, मला माहीत आहे. श्रावणी सोमवारी तर हे बोलायचीही सोय नाही, तेव्हा गर्दीच देवाची असते. म्हणून मी फक्त साध्या रविवारचं बोलतोय. ज्या ग्रुपला हे पटतं त्यांनी येत्या पावसाळ्यात एक रविवार ठरवावा. बाहेर गाड्या लावायला जागा कुठं आहे आणि आत चालायची परवानगी कुठपर्यंत आहे, हे दोन प्रश्न येडशीत वन खात्याच्या माणसाला आधी विचारून घ्यावेत. म्हाताऱ्यांसाठी एकच गाडी आत जाईल, तिच्यात सामान भरायचं नाही. बाकीचे सूर्य वर आल्यावर निघतील आणि ऊन तापायच्या आत परततील. मी त्यात असेन. पुढं चालणाऱ्यांत नाही, मागच्या टोळक्यात. मला चढावर बोलायची सवय आहे.

आपलाच,
होम मैदानावर रोज भेटणारा एक सोलापूरकर

ता. क. : धपाटी घरून आणा, पण दही येडशीतच घ्या. सोलापुरातून नेलेलं दही चढ संपेपर्यंत आंबट होतं आणि मग सगळे मिळून ज्यानं आणलं त्याला शिव्या घालतात.